अंतिम शुद्ध

इंदूरच्या रामबागेतील आमच्या मंडळाची गणेशोत्सव स्मरणिका मी गिटमध्ये ठेवायला लावली, तेव्हा संपादक काकांनी एवढेच विचारले, की त्यात ऱ्हस्वदीर्घ सुरक्षित राहतात ना. राहतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी रचलेल्या या प्रणालीत कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते. मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे काकांना रुचणारे नव्हते, म्हणून त्यांना बटणे दाबून चालणारा एक प्रोग्राम बसवून दिला, आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, तोंडावर आल्या असताना तो उघडताक्षणी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे आपली नसलेली मेमरी चाळवल्याची चूक, म्हणून मिटू लागला.

“भिया, रिस्टार्ट मारो,” असे मंडळातील तरुणांचे निदान झाले. रिस्टार्ट झाला, पोहे आले, पोह्यांवर शेव आली. प्रोग्राम काही आला नाही.

माझ्या संगणकावर तो बंद पडतच नव्हता. काकांनी पाठवलेल्या सगळ्या फायली निमूट उघडत होत्या. पुढे कळले, की माझ्या यंत्राला मराठी नावांचा त्रास नको म्हणून त्यांनी पाठवण्यापूर्वी प्रत्येक फायलीचे नाव काढून तिला क्रमांक दिला होता. सौजन्यापोटी पुरावा नष्ट करणे कोणत्या कलमात बसते, हे वकिलांनी सांगावे.

मूळ नाव होते ‘अध्यक्षीय भाषण अंतिम शुद्ध’. ते दिल्याबरोबर प्रोग्राम माझ्याकडेही कोसळला आणि मला अशोभनीय आनंद झाला. डीबगरमध्ये, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या पोटात डोकावण्याच्या साधनात, पाहिले, तर ‘\३४०\२४४\२०५’ अशी आकड्यांची रांग. वेगळे सांगितले नाही, तर गिट देवनागरी नावे अशीच दाखवते. ‘अध्यक्षीय’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरी. युनिकोड ही संगणकातील लिपिचिन्हांची पद्धत मात्र हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजून त्याची ९ चिन्हे करते, प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट (संगणकाच्या साठवणीचे एकक) धरून २७ होतात, आणि एकेका बाइटासाठी तिरकी रेघ व तीन आकडे लिहावे लागत असल्याने बेरीज जाते १०८ वर, म्हणजे थेट जपमाळच. प्रोग्रामने नावासाठी राखलेली जागा २५६ खुणांची होती. ‘अंतिम’पर्यंत भाषण तीत मावत होते, ‘शुद्ध’ होताच ते शेजारच्या मेमरीत घुसले.

ही जागा आखडली कोणी, ते ‘गिट बायसेक्ट’ने शोधले. प्रोग्रामची चालणारी आणि बिघडलेली आवृत्ती अशी दोन टोके धरायची, मधली तपासायची आणि दर वेळी निम्मे संशयित सोडून द्यायचे. मध्ये दोन हजार बदल असले, तरी साधारण अकरा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. सापडला. त्या बदलाखाली कर्त्याने नोंद केली होती : ‘किरकोळ साफसफाई’.

दुरुस्ती झाल्यावर मी म्हणालो, “काका, जुनी सगळी रूपं गिट सांभाळतं. तुम्ही नावात ‘अंतिम’, ‘शुद्ध’ लिहायची गरजच नाही.”

“ते ठीक आहे रे,” काका चष्मा पुसत म्हणाले, “पण अध्यक्षांनी भाषण आज सकाळी पुन्हा बदललंय. ते आता कुठल्या नावानं ठेवू?”