‘बाळाला होणारच’ म्हणणाऱ्या मेसेजला

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपवरून आला. म्हणणं असं: आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होणारच, गोळ्यांनी मूल व्यंग घेऊन जन्मतं, सिझेरियनच करा, अंगावरचं दूध विष, आणि बाळाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की संपलं. मी एचआयव्ही समुपदेशक आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

‘होणारच’ हे उपचार न घेणाऱ्या आईबाबतसुद्धा खोटं. काहीच केलं नाही तरी शंभरात 15 ते 45 बाळांना लागण होते, सगळ्यांना नाही. आणि आईने रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू दाबून ठेवला, तर शंभरात जेमतेम एखाद्याला. भारतात 2014 पासून सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, प्रत्येक बाधित गरोदर बाईला ही औषधं मोफत मिळतात.

व्यंगाची भीती मात्र हवेतून आलेली नाही. 2018 मध्ये बोट्सवानातल्या पाहणीत डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं औषध घेणाऱ्या आयांच्या काही बाळांत मज्जारज्जूचे दोष दिसले, जगभर धास्ती पसरली. पुढे हजारो बाळंतपणांची नोंद झाली तसा तो फरक विरत गेला. मेसेजवाल्यांनी बातमीचा पहिलाच अर्धा भाग वाचलेला दिसतो.

सिझेरियन आपल्याकडे प्रसूतीत अडचण असेल तरच. एवढंच.

आता दूध. आई नियमित गोळ्या घेत असेल, तर पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरच पाजायचं, असं आम्ही सांगतो. शिवाय जन्मल्याबरोबर बाळाला नेव्हिरापिन या विषाणूविरोधी औषधाचं सिरप सुरू होतं. इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्याच्या बीजे मेडिकलमध्ये झालेल्या चाचण्यांत, जन्मताना एकच डोस मिळालेल्या बाळांपेक्षा सहा आठवडे सिरप घेतलेल्यांत सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण जवळपास निम्मी दिसली. घात होतो तो सरमिसळीने: थोडं अंगावरचं, थोडं वरचं, वर सहाणेवर उगाळलेली गुटी आणि बोटभर मध. गुटीला कोणी विष म्हणत नाही, हे विशेष.

पहिल्या टेस्टबद्दलच्या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. नेहमीची टेस्ट विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, आणि आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरलेलीच असतात. ती दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. म्हणून सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचून जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात, कागद सुकवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे खुद्द विषाणूच शोधला जातो. दूध चालू आहे तोवर तपासण्या पुन्हा होतात, अखेरचा निकाल अठरा महिन्यांनंतर.

मागे एक आजी सुनेला घेऊन आल्या. पदराच्या गाठीत बाहेरच्या लॅबचा चार घड्यांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, बाळ तीन महिन्यांचं. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. म्हटलं, “आजी, हा रिपोर्ट तुमच्या सुनेचाच आहे, नाव तेवढं बाळाचं.” माहेरपणात टाचेची तपासणी राहून गेली होती, ती केली. निगेटिव्ह आली. आजी बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या, मग हळूच म्हणाल्या, “मग आता गुटी द्यायला हरकत नाही ना?”

अजून तीन महिने आहे, म्हटलं.