लोकपाल नेमले, पण तक्रारीआधी जायचे कुठे?

विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमले की नाही, याभोवतीच आपल्याकडची चर्चा फिरते. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये नियम आणले आणि जून २०२४ मध्ये लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली. ती यादी हवीच होती. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांत ओम्बड्स, म्हणजे कुणाची बाजू न घेता गुप्तपणे ऐकून मार्ग दाखवणारा अधिकारी, जे काम करतो, ते आपल्या लोकपालाकडे मुळात दिलेलेच नाही.

आपला लोकपाल म्हणजे अपिलाची पायरी. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार, समितीचा अहवाल शक्यतो १५ कामकाजी दिवसांत, तो मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील, आणि त्यावर शक्यतो ३० दिवसांत निकाल. पीएच.डी.चा विद्यार्थी अडतो तो या सगळ्याच्या आधी. शोधनिबंधावर पहिले नाव कुणाचे, प्रगती अहवालावर गाईडची सही का रखडली, गाईड बदलता येईल का? यातले काही कागदावर आले की गाईडला कळणार, आणि पुढच्या सह्या त्याच्याच हातात. म्हणून मुले गप्प बसतात.

ओम्बड्स याच टप्प्यावर उपयोगी पडतो. वेळ फोनवर ठरवायची. ईमेलमध्ये तपशील लिहायचा नाही, कारण तो विद्यापीठाच्या सर्व्हरवर उरतो. भेट साधारण तासाभराची. तुम्हाला नेमके काय हवे, निर्णय कुणाच्या हातात, नियम काय सांगतो, हे तो तुमच्याबरोबर तपासतो. गाईडला पाठवायच्या ईमेलचा मसुदा दोघे मिळून वाचतात, अवघड संभाषणाची तालीम करतात. तुम्ही परवानगी दिली तरच तो दुसऱ्या बाजूशी बोलतो. टिपणे नंतर नष्ट करतो. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला, तरच गुप्तता मोडतो. वर्षअखेरीस प्रशासनाकडे नावे जात नाहीत, फक्त कल जातात: अमुक प्रकारच्या तक्रारी वाढल्या, अमुक नियम संदिग्ध आहे.

यातही खाचखळगे आहेत. ओम्बड्सला सांगितले म्हणजे विद्यापीठाला कळवले, असे होत नाही. अनेकांची फसगत इथेच होते: बोलणी चालू राहतात आणि औपचारिक तक्रारीची मुदत निघून जाते. म्हणून पहिल्याच भेटीत मुदत विचारून घ्यावी. आपल्याकडे हे आणले तर लैंगिक छळाच्या बाबतीत हा इशारा भिंतीवर लावावा लागेल, कारण अंतर्गत समितीकडे जायला कायद्याने ३ महिने दिले आहेत. शिवाय न्यायालयात ही गुप्तता टिकेलच अशी खात्री अमेरिकेतही नाही. १९९७ च्या कारमन खटल्यात अपील न्यायालयाने, एका कंपनीच्या ओम्बड्सच्या बाबतीत, त्याच्याशी झालेले बोलणे न्यायालयात उघड न करण्याचा विशेषाधिकार नाकारला. आणि ओम्बड्स कुणाला आदेश देऊ शकत नाही. हट्टी विभागप्रमुखापुढे नियमात लिहिलेली ३० दिवसांची मुदत जास्त कामाची, तिथे आपला नियम सरस आहे.

दोन्ही हवेत, पण एकाच माणसात नकोत. उद्या जो निकाल देणार आहे त्याच्याजवळ आज कुणी मन मोकळे करत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मला भीती वाटते ती अतिरिक्त कार्यभाराची: हे काम विद्यार्थी विकास संचालकाकडे किंवा एखाद्या अधिष्ठात्याकडे सोपवले जाईल. त्याऐवजी पूर्णवेळ व्यक्ती नेमावी, तिच्याकडे परीक्षा, प्रवेश, शिस्त यांपैकी काही नसावे, खोली विभागांच्या इमारतीबाहेर असावी, आणि फोन कुठल्याही कार्यालयातून जोडून घ्यावा लागू नये.