'शिवनेरीच्या पायथ्याशी म्युझियम आणि एकही तलवार नाही' या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, 'दोन अंधाऱ्या खोल्या, न वाचता येणारे कागद, धान्याची मापं. फोटोलाही मनाई. पन्नास रुपये पाण्यात.'

तलवार नाही, आणि ठेवणारही नाही. 'शिवकालीन' म्हणून विकायला घेऊन येणारे अधूनमधून दारात उभे असतात. कुठली, कोणाच्या घरातली, एवढं विचारलं की विषय बदलतात. तशी एक भिंतीवर टांगली तर गर्दी वाढेल, हे मलाही कळतं. पण थापा मारून तिकीट फाडायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. आणि घरगुती वस्तू म्हणजे अडगळ नव्हे. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं नाव अडकित्ते आणि दिव्यांसाठीही घेतात.

ज्या कागदांना तुम्ही नाकं मुरडलीत, ती जुन्नरची खरी मिळकत. इथला हातकागद पेशवाईत दप्तरांत चालायचा. काचेजवळ जाऊन तिरप्या नजरेनं पाहिलं तर घोटल्याची चकाकी अजून दिसते. मोडी लिहिणारा आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा, मग तिच्याखाली अक्षरं. बोरू शाईत बुडवला की दोन-चार शब्द ठळक, पुढे फिकट, पुन्हा ठळक. लिहिणारा कुठे थांबला ते बोटानं दाखवता येतं. तिकीट देणाऱ्या ताई मोडी वाचतात, विचारलं की अख्खं पत्र वाचून दाखवतात. तुमच्या ग्रुपला गडावर जायची घाई होती, त्याला त्या काय करणार!

मापांचं म्हणाल तर निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली अशी ओळ आहे, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. शाळेची पोरं तांदूळ ओतून पायलीत ६४ निळवी मोजतात आणि बाहेर निघायला तयार नसतात.

अंधार मुद्दाम आहे. जुना कागद आणि रंगीत कापड यांच्यासाठी ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात. फोटोला मनाई नाही, फ्लॅशला आहे. तशी पाटी दारातच लावलेली आहे.

पुन्हा आलात तर आधी आमच्याकडे या, गड नंतर. सोमवारी बंद असतं.