अभयारण्याला चिखल लागतो

पुण्यात येरवडा-कल्याणीनगरच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत ते अभयारण्य नाहीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची अधिसूचना निघालेली नाही. नाव आपण प्रेमानं ठेवलंय, आणि प्रेमाला डंपर जुमानत नाहीत.

रविवारी सकाळी राडारोड्याचा ढीग उतरून पाण्यापर्यंत गेलो. वास होताच. पण समोर चिखलात पंधरा-वीस शेकाटे, गुलाबी काटकुळ्या पायांवर तोल सांभाळत. पलीकडे थापट्या बदकं पसरट चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरत होती. त्या चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी गाळायचं, किडे ठेवायचे.

फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, "घाणीत कशी बसतात ही मेली!"

बरोबरच आहे त्यांचं. पक्षी दिसतात म्हणजे नदी निरोगी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शेकाट्याचं सांडपाण्यावरही मजेत चालतं. मासे खाणारा नदीसुरय शेवटचा कधी पाहिलात, ते आठवा.

आता नदीकाठ सुधारणेबद्दल. ४४ किलोमीटरचा प्रकल्प. बंडगार्डनचा तुकडा झालाय, आमच्या आईला तिथलं फिरणं आवडतं, तिच्याशी मी वाद घालत नाही. पण शेकाट्याला हवं घोटाभर पाणी आणि हळूहळू उतरत जाणारा काठ. भराव टाकून काठ उभा केला की उथळ पाणी संपलं. मग वर कितीही झाडं लावा, तो येणार कशाला?

म्हणून आधी कायद्याचं कवच द्या. अभयारण्य जमत नसेल तर सरकारी जमिनीपुरतं तरी 'संवर्धन राखीव', म्हणजे त्याच वन्यजीव कायद्यानं राखलेलं क्षेत्र, करा, ती सोय २००२ च्या दुरुस्तीनं झालेली आहे. मग वाढवा. वाढवायचं म्हणजे कमान आणि तिकीटखिडकी नव्हे हो! निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथवर, दोन्ही काठांना जे गवत, बाभळी, गाळाची बेटं उरलीत, ती जोडत जा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदी तिथे पसरतेच. ती जागा तिचीच आहे, आपण फक्त सातबारे काढलेत.

येत्या रविवारी पुन्हा जातोय. कुणी येणार असाल तर जुने बूट घाला.