‘तीन दिवस अझिथ्रो घ्या’ या मेसेजला उत्तर

पावसाळ्यात ताप-खोकल्याची साथ सुरू झाली की सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘फ्लू अंगावर काढू नका. अझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस घ्या, मुलांना अर्धी गोळी. टेस्ट निगेटिव्ह आली तर फ्लू नाहीच. टॅमिफ्लू ४८ तासांनंतर चालत नाही आणि मुलांना ती देऊच नये. लसीच्या फंदात पडू नका, लसीनंच फ्लू होतो.’ खाली कुणा मोठ्या डॉक्टरांचं नाव. एकेक बघू.

आधी अझिथ्रोमायसिन. हे जिवाणूंवरचं औषध आहे आणि फ्लू होतो विषाणूनं. तरी लोक शपथेवर सांगतात की गुण आला. येणारच. फ्लूचा ताप बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उतरतो; दुसऱ्या दिवशी गोळी सुरू केली की श्रेय गोळीच्या पदरात पडतं. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या विषाणूची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं पत्रक काढलं: ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, अँटिबायोटिक देऊ नका. अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव्हचा त्यात नावानिशी उल्लेख होता. हे पत्रक रुग्णांना कमी आणि डॉक्टरांना जास्त उद्देशून होतं, यातच काय ते आलं.

अँटिबायोटिक कधीच लागत नाही असं नाही. ताप उतरला, एक-दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढला, छातीत दुखू लागलं, बेडका पिवळा-हिरवा झाला, तर फ्लूमागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हाही कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते छाती तपासून ठरतं.

‘मुलांना अर्धी गोळी’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मुलाचा डोस वजनावर ठरतो. तापासाठी पॅरासिटामॉल, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटलीवर पाच मिलिलिटरमागे १२० लिहिलंय की २५०, ते वाचल्याशिवाय चमचा भरू नका. आणि घरात पडून असलेली ॲस्पिरिनची गोळी फ्लू झालेल्या मुलाला अजिबात देऊ नका. रे सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण यकृताला आणि मेंदूला सूज आणणारा आजार त्यातून होऊ शकतो.

आता टेस्ट. दवाखान्यात पंधरा मिनिटांत निकाल देणारी रॅपिड अँटिजेन टेस्ट फ्लूच्या दहा रुग्णांपैकी पाच ते सातच पकडते. पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी. निगेटिव्ह आली म्हणून भर साथीत फ्लू नाही असं म्हणता येत नाही. आरटी-पीसीआर जास्त भरवशाची, पण तिची गरज प्रत्येकाला नसते. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयापुढे स्वॅबसाठी रांगा लागल्या. त्याच साथीत सरकारनं रुग्णांचे तीन गट केले. अ: सौम्य ताप-खोकला, टेस्ट नाही, टॅमिफ्लू (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) नाही, घरी विश्रांती. ब: जोराचा ताप आणि घसा खूप दुखणं, किंवा लक्षणं सौम्य असली तरी रुग्ण जोखमीचा, म्हणजे गर्भवती, पासष्टीपुढचे, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले. इथेही टेस्ट नाही, औषधाचा निर्णय डॉक्टर घेतात. क: धाप, छातीत दुखणं, गुंगी, नखं निळी पडणं, थेट भरती, तिथे टेस्ट, आणि निकालाची वाट न बघता औषध.

टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, याबद्दलचं विधान अर्धं खरं आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त, हे बरोबर. पण धडधाकट माणसाचा आजार त्यानं जेमतेम पाऊण दिवस कमी होतो, वर उलट्यांचा त्रास होऊ शकतो. त्यानं ते नाही घेतलं तरी काही बिघडत नाही. भरती झालेल्या किंवा जोखमीच्या रुग्णाला मात्र ४८ तास उलटून गेले तरी ते देतात. मुलांनाही देतात, अगदी तान्ह्यांनासुद्धा, वजनाप्रमाणे: मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, तर वर्षापुढच्या १५ किलोपर्यंतच्या मुलाला ३०. या औषधाचा एवढा धसका का, याचं एक कारण मला वाटतं ते असं, की २०१७ पर्यंत ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत होतं. साध्या मेडिकलमध्ये मिळायचंच नाही. जे सहज मिळत नाही ते भयंकर असणार, असा आपला हिशेब.

लसीचं थोडक्यात. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यानं फ्लू होणं शक्य नाही. हात दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. त्या काळात दुसरीकडून संसर्ग झाला की नाव लसीचं होतं. ती शंभर टक्के वाचवत नाही आणि दरवर्षी घ्यावी लागते, हेही खरं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

मेसेजमध्ये कुठेच नसलेली गोष्ट म्हणजे श्वास. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, दूध-पाणी घेत नसेल किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या.