मोटार किती एचपीची?

गुळगुळीत दगड हातात खेळवायला जितका गोड, तितकाच पेंडंटसाठी तारेत बांधायला नाठाळ. खडबडीत दगडाला कुठे ना कुठे खाच असते, कंगोरा असतो, तार अडकायला जागा असते. पण विकणाऱ्याने तो पिंपात घालून, खरखरीत भुकटीबरोबर कित्येक आठवडे गोल गोल फिरवून त्याचा एकूण एक कंगोरा घालवलेला असतो. आपण भाळतो ते त्या तुकतुकीवर आणि पुढे रडतो तेही तिच्याच नावाने. (हे वाक्य लग्नाबद्दल नाही, असं मी घरात आधीच जाहीर केलंय.)

माझ्याकडे गुजरातेतल्या खंबातहून आणलेल्या अकीकांची, म्हणजे अ‍ॅगेट दगडांची, एक पिशवी आहे. लाल, मधाच्या रंगाचे, पांढरे पट्टे असलेले. आणले तेव्हा कौतुक झालं. मग ते ड्रॉवरमध्ये गेले आणि दर वेळी ड्रॉवर उघडताना खडखडू लागले. "अहो, यांचं काहीतरी करा, नाहीतर मनीप्लांटच्या कुंडीत टाकते," असा घरातून आदेश सुटला. त्याच सुमारास मोबाइलवर एक बाई दिसली. तिने बोलता बोलता एक दगड तांब्याच्या तारेत असा गुंफला, की त्याचं पेंडंट कधी झालं हे तिलाही कळलं नसावं. आपल्यालाही जमेल असं वाटायला तेवढं पुरलं.

खरं तर दगड गळ्यात घालायचा सरळ मार्ग म्हणजे त्याला भोक पाडणं. लोथलच्या कारागिरांनी चार हजार वर्षांपूर्वी अकीकाच्या मण्यांना आरपार भोकं पाडली. तीही हाताने. खंबातचे कारागीरही हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, तेच करत आले आहेत. दगडांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत अकीक ७ च्या आसपास येतो, घरातल्या सुरीचं पोलादही त्याच्या खालीच. आमच्या ड्रिलमशीनला तर बाथरूमची टाइलसुद्धा ऐकत नाही. "दगडाला इजा न करता, त्याचं नैसर्गिक रूप जपून" वगैरे व्हिडिओतली बाई म्हणते. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना भोक पाडता येत नाही, त्यांनी ही कला काढली.

तार आणायला घराजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तांब्याची तार आणखी कुणाकडे असणार?

"तांब्याची तार हवी होती."

"मोटार किती एचपीची?"

"मोटार नाही."

"मग पंखा?"

"दगड आहे."

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "दगड फिरवणार?"

"फिरवणार नाही. गुंडाळणार."

काही क्षण तो विचारात पडला. मग गेज विचारलं. गेजचा कारभार उलटा असतो, आकडा मोठा तितकी तार बारीक. सांगाड्याला २० गेज, म्हणजे मिलिमीटरला थोडी कमी, आणि गुंडाळायला २६, म्हणजे त्याच्या साधारण निम्मी, इतकं मी पाठ करून गेलो होतो. "पाव किलोच्या खाली देत नाही," तो म्हणाला. २६ गेजची पाव किलो तार म्हणजे सुमारे १७० मीटर. एवढ्यात आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल दागिना म्हणून मढवता येईल. शिवाय वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा थर असतो आणि ती तापवली की जो वास सुटतो, त्यावर शेजारच्या वहिनी बेल वाजवून "तुमच्याकडे काही शॉर्ट झालंय का?" विचारून जातात. म्हणून पुढे उघडी तार शोधून आणली.

आता कृती. २० गेजच्या तीन तारा शेजारी शेजारी धरायच्या, २६ च्या तारेने मध्ये घट्ट आवळायच्या, ती पट्टी दगडाभोवती फिरवायची, वर पीळ घालून फासा करायचा, आणि मग पुढची तार नोज प्लायरने हळूच दगडावर ओढून मागची तशीच मागे ओढायची. झाला पिंजरा. पाठ सपाट आणि पोट फुगीर असा घडीव दगड यात बसतो, कारण त्याला कड असते. माझे दगड सगळीकडून पोटच. पुढची तार ओढली की तो मागून डोकावतो, मागून दाबला की बाजूने निसटतो आणि टुणकन सोफ्याखाली जातो. ज्या लाव्ह्यातून आपला सह्याद्री उभा राहिला, त्याच्याच पोकळ्यांत हे अकीक घडले. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या जुन्या जिनसाला माझ्या हातात आल्यावरच पाय का फुटावेत?

तांब्याचाही एक स्वभाव आहे. वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं की ते ताठत जातं आणि शेवटी कट्‌कन तुटतं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडी मठारतात ती याच गुणाच्या जोरावर. हातोडीच्या ठोक्याठोक्याने पत्रा कणखर होतो आणि वर चमकतोही. तांबटाला हवा तिथेच तो कणखर होतो. माझी तार मी चुकेन तिथे कणखर व्हायची. उपाय एकच, मंद लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात बुडवायची. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. हे शास्त्र मी गॅसपाशी उभा राहून, हातातल्या सांडशीत लाल तार धरून हिला समजावत होतो. दुसऱ्या शेगडीवरचं दूध उतू गेल्यामुळे शास्त्राकडे दुर्लक्ष झालं. तापवलेली तार काळी पडते, म्हणून मग चिंच लागली. चिंच आमटीसाठी भिजवलेली होती.

अखेर एक दगड आत थांबला. बाजारातून सुतळीत आवळून आणलेल्या फुलकोबीसारखा दिसत होता, पण थांबला. उलटा धरला, हलवला, मुलीने खाली टाकूनही पाहिला. हिने तो भाचीच्या लग्नात घातला. घामाने तांब्याचं जे व्हायचं ते झालं आणि संध्याकाळपर्यंत गळ्याखाली हिरवा चट्टा उमटला. "शालूला मॅचिंग आहे," असं मी म्हटलं, त्यानंतर परतीच्या प्रवासात आमचं फारसं बोलणं झालं नाही.

तरी लग्नात चौकशी झालीच. चुलत सासूबाईंनी पेंडंट हातात धरून उलटसुलट पाहिलं, "जावईबापूंनी केलं?" असं, त्यांना नक्की काय वाटतंय ते कळणार नाही अशा स्वरात विचारलं आणि पुढे सरकल्या. शेजारच्या वहिनी मात्र मनापासून खूश. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. या वेळी शॉर्टसर्किटची शंका नव्हती.

"भाऊजी, दगड काय सुरेख आहे हो! मलाही एक करून द्या ना."

"देतो की! रंग कुठला हवा?"

"कुठलाही चालेल," वहिनी म्हणाल्या, "फक्त ती वरची तार तेवढी काढून द्या."