दोन आया, एक बाळ आणि तुमची पटकथा

समलिंगी आईबापांवर सिनेमा लिहायला घेतलाय म्हणे! शाब्बास. फक्त एक काळजी घ्या: त्या घरात साधासुधा मंगळवार उजाडता कामा नये.

दोन आया असतील तर मध्यंतराच्या आत एक पुरुष आणा. ‘द किड्स आर ऑल राइट’मध्ये (२०१०) पोरं शुक्राणूदात्याला शोधून काढतात, तो मोटारसायकलवरून येतो आणि दोघींपैकी एक आई थेट त्याच्या अंथरुणात! चार ऑस्कर नामांकनं मिळाली. थोरली अठरा वर्षांची होईपर्यंत दोघी वीजबिलावरूनही भांडल्या असतील, पण वीजबिलाला नामांकन कोण देतं?

दोन बाप असतील तर सोयरीक काढा. ‘द बर्डकेज’मध्ये (१९९६) लेकाचं लग्न कर्मठ सिनेटरच्या मुलीशी ठरतं आणि तो सगळं घर सोवळ्यात घेतो. पुतळे बाहेर, भिंतीवर क्रूस. ज्या बापाने आईच्या मायेने वाढवलं, तोच पाहुण्यांसमोर नको. (मीही हसलो. सूपच्या वाडग्यांवर चितारलेली नागडी ग्रीक पोरं दिसली की इलाजच नसतो.)

मूल मात्र सरळमार्गी हवं, दोन्ही अर्थांनी (इंग्रजीतला ‘स्ट्रेट’ धरून). शिवाय हुशार आणि गोड. तुमच्या-आमच्या पोरांना सहामाहीला गणितात गटांगळी खायची मुभा आहे. हे पोर नापास झालं तर दोन बाप नापास होतात.

कथा भारतातली असेल तर आधी कागदोपत्री नवरा-बायको जमवा. ‘बधाई दो’मध्ये (२०२२) पोलीस शार्दूल आणि पीटीची शिक्षिका सुमी, दोघंही समलिंगी, एकमेकांशी लग्न लावतात, म्हणून त्यांना दत्तक बाळ मिळतं, शेवटच्या पूजेला सुमीच्या प्रेयसीलाही शेजारी बसवून घेतात. हे लेखकाच्या डोक्यातलं खूळ समजू नका. दत्तकाचा नियम जोडप्याकडे दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संसार मागतो आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी तो तसाच ठेवला. एकटी बाई मूल दत्तक घेऊ शकते. दोघी मिळून गेल्या की जमत नाही. म्हणजे एक आई पुरते, दोन कमी पडतात! इतका विनोद आयता मिळतोय, नुसता उतरवून घ्या.

आणि काहीही करा, पण अशा घरांतल्या खऱ्या मुलांना बोलू देऊ नका. ‘गेबी बेबी’ या ऑस्ट्रेलियन माहितीपटाने ते पातक केलं. त्यात एका पोराला कुस्तीचं वेड, एकाला वाचताना अडखळायला होतं, एकीला कलाशाळेत प्रवेश हवा. २०१५ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने तो शाळेच्या वेळात दाखवायला मनाई केली. बरोबरच आहे. बाकीच्या पोरांनी घरी जाऊन विचारलं असतं, ‘आई, यात वेगळं काय होतं गं?’